वाटेवरची सोय

गेल्या पौषात, पोंगलचा सण पाच-सहा दिवसांवर आला असता, कामानिमित्त मला तंजावरला जाण्याचा योग आला. काम आमच्या नेहमीच्या भाषांतराचेच होते. भोसलेकालीन तंजावरसंबंधीच्या एका लेखाचा मराठी तर्जुमा हाती आला होता आणि त्यातील नावे, तारखा व काही मोडी शब्दांची वाचने सरस्वती महाल ग्रंथालयात बसून ताडून पाहावयाची होती. चार दिवसांचा मुक्काम. एका स्नेह्यांनी उतरण्याची सोय तेथील एका मराठी कुटुंबात करून दिली होती.

तंजावरची मराठी मंडळी म्हणजे आपले दूर राहणारे आप्तच. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तेथे गादी स्थापन केली आणि ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, परंतु राज्याबरोबर आलेली घराणी तेथेच राहिली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा त्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द साखरेसारखे विरघळून गेलेले असतात. पुढे जे संभाषण देत आहे ते वाचकांच्या सोयीसाठी आपल्या नेहमीच्या मराठीत देते.

घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, आणि दोन नातवंडे. नात चोवीस वर्षांची असून एका खाजगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे काम करते. कामाची वेळ दुपारी एक ते रात्री साडेआठ. नऊच्या सुमारास ती बसमधून घराजवळच्या थांब्यावर उतरते. तेथून घर सात-आठ मिनिटांच्या वाटेवर. इतके दिवस धाकटा भाऊ स्कूटर घेऊन थांब्यावर उभा राहत असे. आता त्याला कोइमतूरला नोकरी लागली होती आणि पोंगल आटोपला की तो निघणार होता.

पहिल्याच रात्री जेवताना तो विषय निघाला.

"तो गेला की हिनेही राजीनामा द्यावा," वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. "रात्री एकटीने चालत यावयाचे म्हणजे माझ्या जिवाला घोर."

"अप्पा, दिवसाची जागा मागून मला दोन वर्षे झाली. ती मिळत नाही. ही सोडली तर दुसरी मिळेपर्यंत वर्ष जाईल," मुलगी म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "अक्का, तुम्ही पुण्या-मुंबईकडच्या. तुमच्याकडे काय करतात?"

मी पाहुणी. दुसऱ्याच्या घरच्या निर्णयात काय बोलणार? "आमच्याकडेही हाच प्रश्न आहे," एवढेच म्हणाले. आजींनी ताटातला भात संपविला आणि "उद्या बोलू" असे म्हणून विषय तेथेच थांबविला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात काम करताना तंजावरच्या छत्रांची हकीकत समोर आली आणि रात्रीचा प्रश्न पुन्हा मनात उभा राहिला.

छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र. रामेश्वराच्या यात्रेला उत्तरेकडून आणि महाराष्ट्रातून जाणारे असंख्य लोक तंजावर प्रांतातून जात. त्यांच्यासाठी भोसले राजांनी वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. यांतील कित्येक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. तंजावरच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळपुरम् छत्र आहे, तर नीडामंगलम् येथे यमुनांबाळपुरम्. आजही गावकरी ही नावे ओळखतात.

१७९९ साली दुसऱ्या सरफोजीराजांना राज्याचा कारभार तहाने इंग्रज कंपनीच्या स्वाधीन करावा लागला. त्यानंतर १८०१ साली त्यांनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. छत्रांची व्यवस्था आपल्या हातून जाऊ नये, असा त्या पत्रातील आग्रह आहे आणि त्यासाठी छत्रांत काय काय चालते याची तपशीलवार माहिती दिली आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास बोलावून घेत. आजारी पडलेल्यांसाठी वैद्य असत, पोरक्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था असे, तान्ह्या बालकांना दूध मिळे. आणि गरोदर स्त्रियांची विशेष काळजी घेतली जाई. वाटेतच प्रसूती झाली तर खर्च आणि औषधपाणी छत्राचे, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तेथेच राहण्याची मुभा.

हा मजकूर वाचून मी थोडा वेळ पुढची पाने उलटली नाहीत. त्या काळी रामेश्वराची यात्रा म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. वाटेत नद्या, चोरचिलटे, रोगराई. अशा प्रवासाला गरोदर बाईने निघूच नये, असे म्हणणे किती सोपे होते! परंतु ज्यांनी छत्रांची व्यवस्था लावली त्यांनी असे गृहीत धरले की बायका निघणारच. त्यांत गरोदर असतील, लेकुरवाळ्या असतील, आजारी असतील. तेव्हा ज्या वाटेने त्या जाणार, त्या वाटेवरच त्यांची सोय असावी. सरफोजीराजांच्या लेखी हा राज्याच्या लौकिकाचा भाग होता.

अर्थात छत्रांचे वर्णन करताना त्या काळाचे सोवळेओवळे विसरून चालणार नाही. सर्वांना अन्न मिळे, पण सर्व एका पंगतीला बसत नसत. ज्या राजस्त्रियांच्या नावाने छत्रे उभी राहिली, त्या स्वतः रस्त्यावर मोकळेपणाने फिरल्या असतील असेही नाही. तरीही एक विचार त्या व्यवस्थेत होता आणि तो आपल्या आजच्या शहरांना उपयोगी पडण्याजोगा आहे. स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी तिची वाट आखूड करावयाची, की वाटेवरची सोय वाढवावयाची? आपण घरोघरी बहुधा पहिला उपाय करतो. नोकरी सोड, शिकवणी सोड, सातच्या आत ये. छत्रांचा उपाय दुसरा होता.

हाच दुसरा उपाय पुढे आगगाडीच्या काळातही दिसतो. नागपट्टणहून तंजावरकडे लोहमार्ग आला तो १८६१-६२ च्या सुमारास. गाडी सुरू झाली तशी तिच्यातून बायकाही प्रवास करू लागल्या. १८९० च्या रेल्वे कायद्याने असे ठरविले की, १८९१ च्या १ जानेवारीपासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा आणि गाडी ५० मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या डब्यात शौचकूप असावा. खालच्याच वर्गाचा डबा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. श्रीमंत बाई आपली सोय पैशाने करून घेई. गरीब बाईची सोय कायद्याने करावी लागली. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही स्त्रियांसाठी डबा किंवा जागा राखण्याची तरतूद आहे आणि त्यात शिरणाऱ्या पुरुषाला दंड आहे. मुंबईत १९९२ च्या ५ मे रोजी चर्चगेटहून फक्त स्त्रियांची अशी संपूर्ण लोकल गाडी सुटली, तीही याच वाटेवरची पुढची पायरी होय.

तंजावरला परत येऊ. तंजावरच्या शेजारी पुदुक्कोट्टै जिल्हा आहे. १९९१-९२ साली तेथे साक्षरतेची चळवळ चालू असताना जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला सायकलची जोड दिली. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या अशा सुमारे लाखभर बायका सायकल शिकल्या. प्रथम त्यांची टवाळी झाली. परंतु एक बाई सायकलवर निघाली की रस्ता तिच्याकडे पाहतो आणि शंभर निघाल्या की त्यांच्याकडे पाहण्याचे कोणाला कारणच उरत नाही, असा तेथील अनुभव. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, या सर्वांसाठी दुसऱ्याची वाट पाहणे संपले.

२०२१ च्या मे महिन्यात तमिळनाडू शासनाने साध्या दराच्या नगरबसमधून स्त्रियांना मोफत प्रवास सुरू केला. त्या बसगाड्या ओळखता याव्यात म्हणून पुढे त्यांची तोंडे गुलाबी रंगविली गेली. या योजनेकडे आपण सहसा पैशाच्या बचतीच्या दृष्टीने पाहतो आणि ती बचत मोठी आहेच. परंतु तिचा आणखी एक परिणाम मला त्या चार दिवसांत दिसला. रात्री साडेआठच्या बसमध्ये मी चढले तेव्हा आत निम्म्याहून अधिक बायका होत्या. फुलांच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या माळिणी, कापडदुकानांतल्या मुली, नातवाला मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी. अशा बसमध्ये एकट्या मुलीला एकटे वाटत नाही. गर्दीतील बायकांची संख्या हाच एक मोठा पहारा असतो.

कायदाही स्वस्थ बसलेला नाही. चेन्नईत १९९८ साली छेडछाडीच्या प्रकारात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तमिळनाडूने अशा छळास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा केला. १९९९ साली याच राज्यात एका बसथांब्यावर एका विवाहित स्त्रीशी गैरवर्तन केल्याचा आरोप खुद्द एका पोलिसावरच आला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३० नोव्हेंबर २०१२ च्या निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना निर्देश दिले. बसस्थानके, रेल्वे स्थानके, चित्रपटगृहे, बागा, देवस्थाने येथे साध्या वेषातील स्त्री पोलिस नेमावेत. मोक्याच्या जागी कॅमेरे बसवावेत. शहरोशहरी स्त्रियांसाठी मदतीचा दूरध्वनी असावा. बसमध्ये असा प्रकार घडून स्त्रीने तक्रार केली तर चालक-वाहकांनी बस सरळ जवळच्या पोलिस ठाण्यात न्यावी. न नेल्यास त्या वाहनाचा परवाना रद्द व्हावा. हा शेवटचा निर्देश प्रत्येक उतारू स्त्रीला आणि प्रत्येक वाहकाला पाठ असावयास हवा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूने आपल्या मोटार वाहन नियमांतही भर घातली. टक लावून पाहणे, शीळ घालणे, डोळे मिचकावणे अशा वर्तनाबद्दल वाहकाला त्या उतारूस खाली उतरविण्याचा किंवा पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा अधिकार त्या नियमांनी दिला.

असे सगळे असताना त्या घरातला प्रश्न का सुटत नव्हता? कारण तो प्रश्न बसमध्ये नव्हता. तो बसथांबा आणि घर यांच्यामधल्या सात-आठ मिनिटांत होता. गाडीची, बसची, स्थानकाची व्यवस्था शासन लावते. परंतु थांब्यापासून दारापर्यंतचा तुकडा कोणाचाच नसतो. तो आळीचा असतो, म्हणजे आपल्या सर्वांचा असतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

या तुकड्याचे काय करावे, याचे एक साधे साधन कॅनडातील टोरोंटो शहरात निघाले. तेथे १९८९ साली एका स्त्रीसंस्थेने बायकांचे लहान लहान गट करून रात्री रस्त्यांची पाहणी करण्याची पद्धत तयार केली. हातात कागद, आणि साधे प्रश्न. येथे दिवा आहे काय? समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो काय? हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल? पळावयाची वेळ आली तर वाट आहे काय? तेथील बस चालविणाऱ्या संस्थेने १९९१ पासून रात्री एकट्या उतारू स्त्रीला दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरण्याची मुभा दिली. ही पाहणीची पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे दिल्लीत 'जागोरी' या संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात अशा पाहण्या केल्या. तज्ज्ञ लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो एक तास, आणि चार बायका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ही गोष्ट मी आजींच्या कानावर घातली. छत्रांची हकीकतही सांगितली. आजी हसल्या. "मुक्तांबाळच्या छत्राचे मी लहानपणी ऐकले आहे," म्हणाल्या. "चल, मीही येते." सून आल्या, शेजारच्या एक शिक्षिका आल्या आणि कोपऱ्यावर फुले विकणाऱ्या बाई टोपली आवरून आल्या. नऊच्या सुमारास आम्ही थांब्यावर गेलो आणि नात बसमधून उतरली की तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आलो.

जी वाट त्या घरातील माणसे रोज तुडवीत होती, तीच त्या रात्री त्यांना नव्याने दिसली. थांब्याच्या आडोशाला एक मोठी जाहिरातीची पाटी होती आणि तिच्यामागे कोण उभे आहे हे उतरणाऱ्याला दिसत नसे. वाटेवर दिव्यांचे अकरा खांब होते. त्यांपैकी दोन दिवे बंद आणि एक कडुनिंबाच्या फांद्यांत दडलेला. मधे सुमारे शंभर पावलांची एका मोकळ्या जागेची भिंत, जिच्याकडे एकही दार किंवा खिडकी उघडत नव्हती. आजी तेथे थांबल्या आणि म्हणाल्या, "येथे हाक मारली तर ऐकणार कोण?" फुलवाल्या बाईंनी दुसरी वाट दाखविली. ती तीन-चार मिनिटांनी लांब, पण तिच्यावर किराणा दुकान, शिंप्याचे दुकान आणि एक लहान देऊळ, आणि ही सर्व दहापर्यंत उघडी. बसही त्या देवळाच्या कोपऱ्यावरूनच पुढे वळत होती.

भिंतीशी उभे असतानाच मुलगी हळूच बोलली. दोन महिन्यांपूर्वी भरलेल्या बसमध्ये एक मनुष्य पुन्हा पुन्हा तिच्या अंगाशी येत होता. पुढच्या बाकावरील एका भाजीवालीच्या ते ध्यानात आले. तिने मुलीला आपल्या जागेवर ओढून बसविले आणि स्वतः त्या मनुष्यासमोर उभी राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारले, "काय हवे तुला?" पुढच्या थांब्यावर तो उतरून गेला.

"मग घरी का बोलली नाहीस?" आजींनी विचारले.

"बोलले असते तर त्याच दिवशी नोकरी सुटली असती, आजी."

यावर कोणी काही बोलले नाही. घरापर्यंतची उरलेली वाट आम्ही मुकाट्यानेच चाललो.

वाचकभगिनींनो आणि बंधूंनो, या एका वाक्यासाठीच मी ही सारी हकीकत सांगत बसले आहे. आपण मुलींवर जीव लावतो, म्हणूनच त्यांना घराबाहेर पडण्यापासून अडवतो. आणि अडवले जाईल या भीतीने त्या आपल्याला काही सांगत नाहीत. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा मुलीची, असा हा उलटा न्याय आहे. ज्या घरात मुलगी काही घडल्याचे सांगते आणि त्यावर पहिला प्रश्न "तू तेथे का गेलीस?" असा येतो, त्या घरात दुसऱ्यांदा ती काही सांगणार नाही. मग कायद्याने दिलेले अधिकार, मदतीचे क्रमांक, स्त्री पोलिस ठाणी, हे सारे असूनही तिच्या उपयोगाचे नाही, कारण तक्रारीची पहिली पायरी घरातच तुटलेली असते.

त्या रात्री आजींनी मुलाला समोर बसविले. त्या फार बोलल्या नाहीत. "पोरीने आपल्यापासून लपविले, कारण आपण तिला बोलण्याची सोय ठेवली नाही," एवढेच म्हणाल्या. वडील बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला ते स्वतः थांब्यावर गेले. मुलीला आणण्यासाठी तर गेलेच, पण त्या पाटीमागे, त्या भिंतीशी उभे राहून त्यांनी सगळे पाहिले. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने तमिळमध्ये अर्ज लिहिला. दोन दिव्यांचे खांब कोणते, पाटी कोठे, फांद्या कोणत्या, बस देवळाच्या कोपऱ्यावर थांबावी ही विनंती, असे सर्व मुद्दे त्यात होते. खाली आळीतील नऊ जणांच्या सह्या, आणि पहिली सही आजींची.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न असेल, म्हणून तंजावरच्या त्या चार दिवसांतून मला जे समजले ते येथे थोडक्यात मांडते.

मुलगी ज्या वाटेने रोज येते, त्या वाटेने घरातील वडील माणसांनी तिच्या वेळेला एकदा चालून पाहावे. दिवसा पाहिलेली वाट रात्रीची नसते. शक्य तर आळीतील चार बायकांना बरोबर घ्यावे आणि जे दिसेल ते कागदावर लिहावे. "रस्ता असुरक्षित आहे" अशा तक्रारीला उत्तर मिळत नाही. "अमुक खांबावरील दिवा अमुक दिवसापासून बंद आहे" या तक्रारीला मिळते.

वाटेवरील दुकानदार, रिक्षावाले, फुलवाल्या, देवळातील पुजारी यांच्याशी मुलीची आणि कुटुंबाची ओळख असावी. रस्त्यावर बसून पोट भरणारी माणसे म्हणजे गर्दी आणि घाण, असे मानून त्यांना हटविण्याची मागणी आपण सुशिक्षित लोक पुष्कळदा करतो. परंतु रात्री नऊ वाजता रस्त्यावर जागे असतात ते हेच डोळे. रिकामा आणि स्वच्छ रस्ता दिसावयास सुंदर असतो, चालावयास नव्हे.

मदतीचे क्रमांक मुलींनीच नव्हे तर घरातील सर्वांनी पाठ करावेत. कोणत्याही संकटात ११२, स्त्रियांसाठी १८१, आणि रेल्वे प्रवासात १३९. फिर्याद कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. घटना आमच्या हद्दीतील नाही या कारणाने ती नाकारता येत नाही. पाठलाग करणे, अश्लील हावभाव वा शब्द, अंगचटीस येणे हे सारे भारतीय न्याय संहितेनुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, गुन्हे आहेत. त्याआधीही २०१३ च्या दुरुस्तीने ते स्पष्टपणे गुन्हे ठरले होते. मुलीने "चालावयाचेच" म्हणून सोसावे असे त्यांत काही नाही.

आणि शेवटची गोष्ट मुलांविषयी. बहिणीला आणावयास भाऊ थांब्यावर जातो याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच भावाला, बसमध्ये दुसऱ्याच्या बहिणीशेजारी कसे उभे राहावे आणि कोणी गैर वागत असेल तर त्या भाजीवालीसारखे मोठ्याने कसे विचारावे, हे आपण शिकविले आहे काय? भाऊ आज आहे, उद्या कोइमतूरला जाईल. सोबत ही माणसाबरोबर निघून जाते. वाटेवरची सोय मात्र सर्वांच्या मुलींसाठी राहते.

मी परतल्यानंतर महिना-दीड महिन्याने त्या मुलीचे पत्र आले. फांद्या आळीतील लोकांनीच छाटल्या. एक दिवा लागला, दुसरा अद्याप लागावयाचा आहे, अप्पांनी दुसरा अर्ज दिला आहे. पाटी तशीच आहे. बसचा वाहक मात्र तिला ओळखू लागला असून रात्री देवळाच्या कोपऱ्यावर गाडी थांबवितो आणि तेथे तिच्याबरोबर आणखी दोघी उतरतात. नोकरी चालू आहे. आजी रोज नऊच्या सुमारास फुलवाल्या बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसतात. पाय दुखतात म्हणून वाऱ्यावर बसते, असे त्या सांगतात. पण बस गेली की त्या उठतात आणि चौघी-पाचजणी मिळून घराकडे निघतात.